उरलेली दोन रूपं

कुडपणचा महिपती बोटीवर खलाशी होता. एकोणीसशे एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात तो रजेवर आला, तो डोक्यात नवीनच खूळ घेऊन. बोटीवरचा स्पॅनिश आचारी त्याला आपली भाषा शिकवत होता. मग काय, बायकोला, राहीबाईला, चुलीपुढं बसवून ह्याचे धडे सुरू.

"बोल्वेर म्हंजे परत येनं. ह्यो शब्द मोडायचा नाय गो. आख्खा ठेवायचा आन् मागं शेपूट लावायचं, झाला भविष्यकाळ. बोल्वेरे, मी परत येईन. बोल्वेरास, तू येशील. बोल्वेरा, तो येईल. बोल्वेरेमोस, आपन येऊ."

"बोल रे, बोल रे, काय वो?" राहीबाई पदर तोंडाला लावून हसायची. पाठ मात्र तिचंच आधी झालं. "आन् 'तुमी याल', 'ते येतील'?"

"ती शेपटं मलाच अजून शिकिवली नायत. फुडल्या रजेला सांगतो."

महिपती गेला. श्रावणात भर दुपारी राहीबाई माळावर नाचणीतलं तण बेणत होती. सासू बयाबाई जवळच होती. धुकं असं उतरलं की हातातला विळा दिसेना. आणि त्या धुक्यातून महिपतीचा आवाज आला. धडा म्हणतानाचा, शांत. चार रूपं झाली. जरा थांबला. मग म्हणाला, "बोल्वेरेइस. बोल्वेरान."

राहीबाई विळा टाकून उठली. "आत्याबाई, ऐकलंत? हे बोलले."

बयाबाईला काहीच ऐकू आलं नव्हतं. "धुक्यात कुनी बोललं तर ओ देऊ नये. घरला चल," एवढंच ती म्हणाली.

पंधरवड्यानं पोलादपूरहून बातमी आली. वादळात बोट बुडाली होती. वर होते ते सगळे गेले.

दिवाळीनंतर बिरवाडीचा सोनबा भेटायला आला. तो त्याच बोटीवर होता. ताप भरला म्हणून त्याला शेवटच्या बंदरात उतरवलं, म्हणून वाचला. राहीबाईनं त्याला चहा दिला आणि सगळी रूपं म्हणून दाखवली.

सोनबानं कपबशी खाली ठेवली. "वयनी, शेवटची दोन तुमाला कुनी सांगितली?"

"ह्यांनी."

"कवा? आचाऱ्यानं ती आमाला बंदरात शिकिवली, मी उतरायच्या आदल्या दिशी. त्याच्यानंतर बोट कुठं लागलीच नाय."

"त्या शेवटच्याचा अर्थ काय रे?" बयाबाईनं दारातून विचारलं.

"ते परत येतील."



माहेरी जा, म्हणून लोकांनी राहीबाईला परोपरीनं सांगितलं. ती गेली नाही. पुढच्या श्रावणात धुकं उतरलं तशी ती हातातलं काम टाकून बांधावर बसली. बयाबाईही येऊन शेजारी टेकली.

आवाज आला, पण तो एकट्या महिपतीचा नव्हता. पुष्कळ पुरुष, वेगवेगळ्या गळ्यांचे, एका सुरात एकच शब्द म्हणत माळ चढत होते. बोल्वेरान. बोल्वेरान. ह्या खेपेला बयाबाईलाही ते ऐकू आलं. तिनं सुनेचा हात घट्ट धरला आणि ओ देऊ नये म्हणणारी तीच म्हातारी धुक्याकडं तोंड करून ओरडली, "महिपती, बाळा, येनार असशील तर एकलाच ये रे!"

सगळे आवाज एकदम थांबले. बराच वेळ कुणीतरी समोर उभं राहून विचार करत असल्यासारखं वाटत राहिलं. मग वारा सुटला.

त्या माळावर दोघी पुढंही नाचणी करत राहिल्या. महिपतीचा आवाज पुन्हा कधी आला नाही. राहीबाईनं त्याबद्दल सासूला एका शब्दानं दोष दिला नाही.