साडूंचा स्पीड

परवा नेरला थोरल्या साडूंकडे गेलो, तर पाण्याचा ग्लास हाती घ्यायच्या आधी मोबाईलवर त्यांच्या वायफायचा स्पीड मोजला. आमच्यापेक्षा जास्तच निघाला. ही खोड डायल-अपच्या, म्हणजे फोनच्या लाईनवरून इंटरनेट चालायच्या दिवसांपासूनची आहे, हे बायकोला ठाऊक आहे.

तेव्हा पांढरकवड्यात माझं बी-बियाण्यांचं दुकान होतं, दुकानामागं घर आणि गावाबाहेर थोडं शेत. साडूंनी मोडेम घेतला म्हणून मीही घेतला. त्याच कंपनीचा, त्याच दुकानातून. जोडणी झाली की स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या घड्याळाजवळ एका चिमुकल्या चित्रावर बाण न्यायचा, वेग दिसायचा. त्यांचा चव्वेचाळीस हजार. माझा सव्वीस. त्यांच्याकडे अख्खा फोटो उघडेपर्यंत माझ्याकडे माणसाचं कपाळ तेवढं यायचं.

"ताईकडे सारं झपझप उघडते म्हणे," बायको पोळ्या लाटता लाटता सांगायची.

हे 'म्हणे' फोनवरून यायचं. बहिणी-बहिणी आणखी काय बोलतात ते कळावं म्हणून मी मागच्या गोदामात एक जुना फोन त्याच लाईनवर गुपचूप जोडला होता. विहिरीवरच्या मोटरची उरलेली वायर, दातानं सोललेली. टोकं पिळून वर चिकटपट्टी. खताच्या पोत्यांमागं स्टूल टाकून शेंगा खात मी साडूंची प्रगती ऐकायचो आणि जळायचो.

वेग वाढवायला मी काय नाही केलं. मोडेम सीपीयूवरून उचलून खाली ठेवला. कुणीतरी सांगितलेली आकड्या-अक्षरांची माळ सेटिंगमध्ये टाकली. कॉम्प्युटर कोरा करून पुन्हा भरला. शेवटी शेतकऱ्याचं डोकं चाललं. मोटरची अर्थिंग कमजोर झाली की आपण खड्ड्यात मीठ-कोळसा टाकून पाणी घालतो. तेच मी दारासमोरच्या टेलिफोनच्या खांबाला केलं. रोज सकाळी बादलीभर पाणी.

शेजारचे काका म्हणाले, "काय करून राह्यला गा? खांबाले पालवी फुटते काय?"

वेग सव्वीसचा चोवीस झाला.

अशात धाकट्या साळ्याचा बारावीचा निकाल लागायची वेळ आली. मुकुटबनहून सासऱ्यांचा बायकोला फोन: "थोरल्या जावयाच्या मशीनवर लवकर दिसते म्हणते. नेरलेच विचारतो." गोदामात माझ्या घशात शेंग अडकली. निकाल त्यांना मीच सांगणार, असं तिथल्या तिथं ठरवलं आणि साडूंना ऐन त्याच दिवशी सहकुटुंब आमरसाला बोलावलं. नेरचं मशीन बंद, म्हणजे शर्यतीत मी एकटा.

एकटा धावूनही मी हरत होतो. पान अर्धं यायचं, लाईन तुटायची. रसाची वाटी हातात घेऊन साडू मागं उभे.

"साडूभाऊ, याच लाईनवर कुठं दुसरा, पॅरलल फोन आहे काय?"

"छे."

त्यांनी रिसिव्हर कानाला लावला, एक आकडा दाबून डायलटोन थांबवला, खरखर ऐकली आणि वायरीचा माग काढत थेट गोदामात गेले. मी मागं. पोत्यांआड फोन, स्टूल आणि टरफलांचा ढीग. साडूंनी तिन्हींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. जोड उपटला.

पुढच्या डायलला सेहेचाळीस हजार. त्यांच्यापेक्षा दोन जास्त. निकालाचं पान पुरतं उघडलं. साळा पास, तोही फर्स्ट क्लासमध्ये. इंटरनेट तोडून साडूंनी रिसिव्हर माझ्या हाती दिला.

"तुम्हीच सांगा मामाजीले."

बायकोनं विचारलं, झालं काय होतं. ते म्हणाले, "काही नाही, गोदामात उंदरानं वायर कुरतडली होती."

माणसानं इतकं चांगलं असू नये. त्यांच्या स्पीडवर जळणं परवडलं. आता त्यांच्या मनावरही जळायचं म्हणजे फार झालं.

सासऱ्यांना निकाल सांगितला. ते हरखले. म्हणाले, "थोरले जावई आलेत ना तिकडं, म्हणून इतक्या लवकर समजलं. द्या त्यायले फोन."

दिला.

पाहुणे गेल्यावर बायको गोदाम झाडायला गेली. आली ती सुपात टरफलं आणि तो जुना फोन घेऊन.

"काहो," ती म्हणाली, "भाऊजींचा हा उंदीर स्टुलावर बसून शेंगा सोलते काय?"