दादा घोरला की पेटी पास

आमच्या धाकट्या भावाकडे जुने व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीला येतात, लांबलांबून. आम्ही त्यांना पेटीच म्हणतो. आत काचेचे बल्बासारखे व्हॉल्व्ह असतात, ते तापून नारंगी झाले की मगच गाणं बोलतं. असली पेटी दुसरा कोणी उघडायलाही धजत नाही. माझी शाळा सातवीत सुटली, पण त्याच्या हातात पहिला स्क्रूड्रायव्हर मी दिला. हे मी सगळ्यांना सांगतो. का नाही सांगायचं?

त्याची पारखायची पद्धत ऐका. मीटर लावतो, आकडे बघतो, पण शेवटचा निकाल माझा. मला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवतो, रेकॉर्ड लावतो आणि स्वतः माझ्याकडे पाठ करून बसतो. आवाज टोचरा असला तर मी चुळबुळतो. गोड असला तर माझा डोळा लागतो. मी घोरलो की पेटी पास. गिऱ्हाइकं हसतात. हसू देत, असे कान त्यांच्या घरात आहेत का कोणाचे?

मग त्याने बाबांची पेटी माळ्यावरून काढली. बाबा गेल्यापासून आईची झोप उडाली होती. दुपारी पडायची ती नुसती छताकडे बघत. गोळ्यांनी गुंगी यायची, झोप नाही. पूर्वी बाबा जेवण झालं की पेटी लावायचे, आणि दुसरं गाणं लागेपर्यंत आई गाढ झोपलेली असायची. धाकट्याने मनावर घेतलं. पेटी वाजली की आई झोपेल.

महिनाभर तो त्या पेटीत डोकं घालून बसला. आतले वीज गाळून घेणारे मेणाचे कपॅसिटर फुगले होते, ते काढून नवे दणकट टाकले. मला खुर्चीत बसवलं आणि मी पहिल्या कडव्यालाच गेलो. झोपेत खोलीभर ऊन पाण्यासारखं हलत होतं, मी त्यात खुर्चीसकट तरंगत होतो. जाग आली तशी गल्लीभर सांगून आलो.

दुसऱ्या दिवशी पेटी आईच्या खोलीत लावली. रेकॉर्ड संपली, आई टक्क जागी.

"छान वाजतंय रे," ती म्हणाली, "पण हे आपलं नाही."

मी म्हटलं, मी स्वतः झोपून बघितलंय. त्यावर म्हणते, तू दाढी करतानाही झोपतोस, तुझं काय सांगतोस.

काय कमी आहे, धाकट्याने विचारलं. आई पेटीकडे बघत म्हणाली,

"गाणं लागायच्या आधी पेटी हूं करायची. संपल्यावरही करायची. मी त्या हूंवर झोपायचे. वाटायचं, हे आहेत इथेच."

धाकट्याचा चेहरा उतरला. ती हूं म्हणजे त्याच्या धंद्यात खोट, सगळ्यात आधी तीच मारायची. आणि त्याने इतकी साफ मारली होती, की दोन गाण्यांच्या मध्ये खोलीत काहीच उरत नव्हतं. चांगला कारागीर दुसरं काय करणार?

फुगलेले तुकडे परत लावले तर पेटीच जळायची. म्हणून त्याने नवेच लावले, पण पूर्वीच्यांइतके लेचेपेचे, हूं पुरती न अडवणारे. मीटरवरचा आकडा बिघडत गेला तसा तो खूश. मी खुर्चीतून सांगत होतो, अजून जाड कर, आता फार झाली, हां, थोडी मागे. लहानपणी फरशीवर पालथं पडून ऐकलेली ती हूं माझ्या छातीला पाठ होती.

दुपारी आईच्या खोलीत पेटी लावली. आधी व्हॉल्व्ह उजळले, मग हूं आली, पलीकडच्या खोलीत कोणी तोंड मिटून गुणगुणावं तशी. धाकटा सवयीने पाठ करून बसला. पडदा हलला, थांबला. गाणं आलं, गेलं. हूं मात्र राहिली. आईचा हात उशीवरून हळूच घसरला, बोटं उघडी राहिली.

"दादा," धाकट्याने न वळता विचारलं, "झोपलास?"

"नाही," मी म्हटलं. "पास आहे."