दुसरा भाग बघायला येऊ नका

माझ्या थोरल्या नणंदेइतके खून अख्ख्या सोलापुरात कुणी पाहिले नसतील. सगळे टीव्हीवर, सगळे भर दुपारी, आणि हातात ब्लाऊज बेतायची लांब कात्री. आम्ही त्यांना आक्का म्हणतो. यजमान गेल्यावर त्या आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहायला आल्या, पोटासाठी मशीन चालवू लागल्या आणि जिवासाठी परदेशातली, हिंदीत बोलणारी कापाकापीची पिक्चरं बघू लागल्या. गल्लीतल्या बाकीच्या बायका दुपारी मालिका बघून डोळे पुसायच्या. आक्का पडद्यावर कुणाची मान उडाली की तोंडातली टाचणी काढून "हात लई वर धरला, असा वार बसत न्हाई," एवढं म्हणायच्या आणि पुन्हा बाहीच्या मापाकडं वळायच्या. एकदा नव्यानं लग्न झालेली एक पोरगी मापाचा ब्लाऊज घेऊन आली आणि आतली किंकाळी ऐकून दारातूनच उलट्या पावली निघाली. आक्कांनी तिला हाक मारली, "अगं ये की आत. ती मेली, आता जरा शांतता हाय." ती पोरगी घाबरत घाबरत आत आली, टेकली, आणि पिक्चर संपल्यावरच उठली.

पण आक्कांचा राग खुन्यावर कधीच नव्हता. खुनी बिचारा आपलं काम करतो असं त्यांचं मत. त्यांचा सगळा राग दुसरा भाग काढणाऱ्यांवर. त्यांचं लाडकं पिक्चर एकच होतं. बर्फातलं गाव, बंद पडलेली लाकडाची वखार आणि वेल्डिंग करताना घालतात तसला मुखवटा लावून हिंडणारा एक माणूस. आक्का त्याला 'वेल्डिंगवाला' म्हणायच्या, जसा काही तो होटगी रोडला दुकान टाकून बसलाय. त्यात सगळी पोरं मरतात आणि एक पोरगी तेवढी भुशाच्या ढिगात लपून जगते. तिचं इंग्रजी नाव आक्कांच्या जिभेला कधी वळलं नाही, म्हणून ती 'आपली पोरगी'. त्या पिक्चरचा दुसरा भाग टीव्हीवर लागणार म्हटल्यावर आक्कांनी त्या दुपारी मशीन बंद ठेवलं, शेंगाची चटणी कुटली आणि समोरच्या लक्ष्मीबाईंसकट निम्मी गल्ली बोलावली. पिक्चर सुरू झालं आणि पहिल्या दहा मिनिटांतच वेल्डिंगवाल्यानं 'आपल्या पोरी'ला फ्रिजमधून दूध काढताना मारलं. आक्का उठल्या, टीव्ही बंद केला आणि पाहुण्यांकडं पाठ करून उभ्या राहिल्या. "एवढं सोसून जगली ती. तिला अशी दूध काढताना मारायची? मग पहिल्यांदा जगवली कशाला?" त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. "अगं, पिक्चर हाय ते," असं माझा नवरा म्हणाला, तर सख्ख्या भावाशी त्यांनी कितीतरी दिवस अबोला धरला.

तिथून त्यांचं शास्त्र तयार झालं आणि ते गल्लीनं तोंडपाठ केलं. "पहिल्या भागात तो का मारतोय ते ठावं नसतंय, म्हणून भ्या वाटतं. दुसऱ्यात मग त्याची आई दाखवत्यात, ल्हानपणी त्याला कुणी कोंडून ठेवलं ते दाखवत्यात. कारण कळलं की भ्या गेलं. भ्या गेलं म्हणून मग रगात वाढवत्यात. आणि पहिल्यातली माणसं जगायला आलेली असत्यात, दुसऱ्यातली नुसती मरायला." हे शास्त्र त्या कुठंही लावायच्या. लक्ष्मीबाईंच्या थोरल्याच्या लग्नात जेवण झकास झालं होतं, धाकट्याच्या वेळी आमटी पांचट झाली. आक्कांनी भर पंगतीत एक भुरका मारला आणि वाटी खाली ठेवून म्हणाल्या, "दुसरा भाग." लक्ष्मीबाईंच्या घरात चादरीचे माग, घरातली बोली तेलुगू, पण ते दोन शब्द त्यांच्या सुनांनासुद्धा कळले. पिक्चरच्या बाबतीत आमच्या गल्लीत आक्कांचा शब्द शेवटचा, आणि त्यांच्या लेखी जगातली बहुतेक प्रकरणं ही पिक्चरचीच होती.

मग दुसऱ्यांची मापं घेता घेता आक्कांना स्वतःच्या छातीत गाठ लागली. तो पहिला आजार. आमच्या गल्लीची एक रीत आहे. कुणी दवाखान्यात पडलं की घराघरांत डब्याची पाळी लागते, आणि डबा घेऊन जाणारं माणूस नुसतं डबा ठेवून येत नाही, बसतं. आक्कांच्या वेळी तर वॉर्डात पाय ठेवायला जागा नसे. मोडनिंबहून माहेरची माणसं जीप भरून आली. मागच्या गल्लीतल्या रफूवाल्या चाचींनी दर्ग्यातला दोरा आणून मनगटाला बांधला. सगळे घाबरलेले, सगळे रडवेले, आणि आक्का उशीला टेकून सगळ्यांची समजूत घालणाऱ्या. केस गेले तेव्हा डोक्याला रुमाल गुंडाळून मला विचारलं, "वेल्डिंगवाल्यावानी दिसती का गं?" मी हसले आणि बाहेर जाऊन रडले. त्यातून त्या उठल्या, घरी आल्या, लक्ष्मीबाईंनी गल्लीत पेढे वाटले.

यंदा ते दुखणं परतलं. ह्या खेपेला पाठीच्या हाडात. डॉक्टरांनी पुन्हा औषधं सांगितली, आधीपेक्षा कडक. दवाखान्यातून आम्ही रिक्षानं आलो तेव्हा नळाला पाणी आलं होतं आणि सगळ्या बायका घागरी घेऊन बाहेर होत्या. रिक्षातून उतरता उतरता आक्कांनी मोठ्यानं जाहीर केलं, "दुसरा भाग आलाय गं बायांनो. फालतू असतोय. बघायला येऊ नका." बायका हसल्या. आक्काही हसल्या. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आणि आमच्या गल्लीनं तेच केलं जे दुसऱ्या कुठल्याही गल्लीनं केलं नसतं. तिनं आक्कांचं ऐकलं. कुणी आलं नाही. डब्याची पाळी लागली नाही. रस्त्यात भेटलं तर लोक थांबायचे, पण आता ते घाबरलेले नव्हते, त्यांच्याकडं कारणं तयार होती. कुणी म्हणे प्लास्टिकच्या डब्यातलं खाल्लं, कुणी म्हणे मशीनवर वाकून वाकून झालं, कुणी म्हणे मन मारून जगली बाई. आक्का सगळं ऐकून घेत आणि घरी येऊन मला म्हणत, "बघ. त्याची आई दाखवायला लागले."

औषध सुरू करायचा दिवस आला आणि आक्का निघाल्याच नाहीत. "नको. शेवट ठावा असल्यावर कशाला बसायचं?" एवढंच बोलल्या. माझा नवरा आधी समजावत राहिला, मग ओरडला, मग त्यांच्या उंबऱ्यावर डोकं धरून बसला. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं की उशीर करू नका, पाठीतलं वाढलं तर चालणं जाईल आणि मग औषधालाही काही अर्थ राहणार नाही. मला झोप लागेना. चिडचिड व्हायची ती वेगळीच. उभ्या जन्मात ज्या बाईनं पडद्यावरच्या पोरींना "पळ की गं!" म्हणून शिव्या घातल्या, ती स्वतः जागची हलायला तयार नव्हती.

एका दुपारी भाकरी द्यायला म्हणून गेले. टीव्ही बंद होता, मशीनवर कापड टाकलेलं. पण खोली लख्ख झाडलेली. भिंतीला लागून सतरंजी अंथरलेली, शेजारी पाण्याची कळशी, आणि ताटात चहाचे कप धुऊन पालथे घातलेले, घरात होते नव्हते तेवढे सगळे. आक्का दाराकडं तोंड करून खुर्चीत बसल्या होत्या, अंगावर इस्त्रीचं पातळ.

"आक्का, कोण येणार हाय?"

"कोण येतंय? झाडलं, म्हणून आंथरलं."

ताकाला जाऊन भांडं लपवायची त्यांची सवय मला ठाऊक होती. मी कपांकडं बघत राहिले. त्यांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी मान फिरवली. मग कळलं की असं रोज चाललं होतं.

"तुमीच म्हणला की, येऊ नका म्हणून."

"मी म्हणले म्हणून?" आक्कांचा आवाज फाटला. "म्हणायचं असतंय गं ते! ऐकायचं असतंय का?"

आणि त्या रडल्या. मी आक्कांना रडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, यजमान गेले तेव्हाही नाही. पदर तोंडाला लावून, खुर्चीत पुढं वाकून, लहान पोरीसारख्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "वैनी, ते माझं सगळं चूक हाय बघ. बघणाऱ्याला दुसरा भाग फिका वाटतोय. आत असलेल्याला न्हाई गं. पहिल्यांदा मला काय ठावं, काय काय करत्यात ते? आता सगळं ठावं हाय. मला लई भ्या वाटतंय."

मला धीराचं काहीतरी बोलायचं होतं. "मला पण वाटतंय, आक्का," एवढंच म्हणाले आणि त्यांच्या पायाशी सतरंजीवर बसले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात थंड होता.

तिथून उठून मी सरळ लक्ष्मीबाईंकडं गेले आणि पाहिलं तसं सांगितलं. लक्ष्मीबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अय्यो, आमाला वाटलं त्यांनाच नको हाय! पिक्चरचं त्यांना कळतंय, आमाला काय कळतंय?" त्यांनी आत तेलुगूत काहीतरी ओरडून सांगितलं आणि त्यांचे माग बंद झाले. ऊन उतरायच्या आत आक्कांच्या खोलीत ती सतरंजी पुरेना. एकमेकांकडं बघत सगळे चहाचे घोट घेत राहिले. शेवटी रफूवाल्या चाचीच संतापल्या, "क्या बाई, तुम बोले तो हम नै आना क्या?" आक्का म्हणाल्या, "चुकलं माझं." मग माझ्या नवऱ्याकडं न बघताच त्याला सांगितलं, "उद्या रिक्षा सांग. पहिल्या धा मिनिटांत मी मरणार न्हाई, एवढं बघते." हसायचं होतं, पण लक्ष्मीबाईंनी मोठ्यानं गळा काढला, आणि मग कुणालाच आवरलं नाही.

आता दर खेपेला गल्लीतलं कुणी ना कुणी बरोबर येतं. औषध देतात त्या खोलीत पेशंटशिवाय कुणाला सोडत नाहीत. आक्का दारापाशी पोचल्या की थांबतात, मागं वळून बाकावरची सगळी तोंडं एकदा नीट बघून घेतात आणि मग आत जातात. हल्ली त्या पिक्चरचं काही बोलत नाहीत, मीही काढत नाही. डॉक्टर नक्की काही सांगत नाहीत. मला आक्का हव्या आहेत, अजून पुष्कळ वर्षं हव्या आहेत, आणि हे मी कुणाला सांगायचं ते मला कळत नाही. दार लागतं. लक्ष्मीबाई पदराखाली माझा हात धरतात, आणि आक्का बाहेर येईपर्यंत आम्ही तशाच बसून राहतो.