लाल औषध आणि पत्र्याचा डबा

अंगात आलेलं मी आयुष्यात एकदाच पाहिलंय, ते निवडणुकीला उभ्या राहिलेल्या काकांच्या. यापलीकडे या विषयाशी माझा संबंध नव्हता. भाचीच्या आजारात एक महाराज झेंडा लावलेल्या गाडीतून घरी आले, तेव्हा मी त्यांना फक्त गाडीचं अ‍ॅव्हरेज विचारलं होतं. तेव्हा कृपया मला भाबडा समजू नका...

२००६ ची गोष्ट. धाकटी बहीण कुंदा गोंदियाजवळ कामठ्याला राहते, घरची धानाची शेती. तिची दुर्गा बारावीत असताना गुडघ्याजवळच्या हाडात कॅन्सर निघाला. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, आधी केमो. गाठ आटोक्यात आली तर ऑपरेशन करून पाय वाचवू. नाहीतर पाय काढावा लागेल. औषधं तीन, एकमेकांच्या जोडीने द्यायची. एकट्या औषधाला आजार चकवतो.

"म्हंजे डुकरं हाकलल्यासारखंच," दुर्गा म्हणाली. "एकाच धुऱ्यावरून हाकललं का बाजूच्या बांधीत घुसतेत."

डॉक्टर हसले. कुंदा हसली नाही. बांधीतल्या, म्हणजे धानाच्या वाफ्यातल्या रानडुकरांना हाकलायचं काम दुर्गाच्या वडिलांचं होतं, आणि ते दोन वर्षांपूर्वी वारले होते. धान निसवून लोंब्या आल्या की आमच्याकडे माणसं मचाणावर बसून पत्र्याचा डबा वाजवतात. ज्याचा त्याचा ठोका वेगळा. मेहुण्यांचा — तीन भरभर, थांबून एक. तो ऐकला की शेजारचे काठ्या घेऊन धावत.

एके दिवशी त्या तिघांतलं लाल औषध हातातल्या सुईतून चालू होतं. भर दुपार. उलटीच्या इंजेक्शनने दुर्गा गाढ झोपलेली, हातावर चादर. कुंदा चहा आणायला खाली गेलेली. मी शेजारी पेपर वाचत होतो — टक्क जागा.

वॉर्डाच्या पार दुसऱ्या टोकाकडून केरळची सिस्टर तणतणत आली.

"अंकल, ये डिब्बा कौन पीट रहा है? पेशंट लोग सो रहे हैं!"

"कौन सा डिब्बा?" पंख्याशिवाय कसलाही आवाज नव्हता.

"इसी बेड से आ रहा था!" खाटेखाली बघायला तिने लोंबणारी चादर उचलली... आणि थबकली. सुईजवळ दुर्गाचा हात फुगून लाल झाला होता. औषध शिरेबाहेर झिरपत होतं. हे औषध बाहेर पडलं तर मांस जाळतं. सिस्टरने तत्क्षणी नळी बंद केली, डॉक्टरांना ओरडून बोलावलं. ते नंतर म्हणाले, उशीर झाला असता तर जखम भरेपर्यंत केमो थांबली असती, आणि मग पायाचं काही सांगता आलं नसतं.

कुंदा परतली तेव्हा मी सिस्टरला विचारत होतो, आवाज होता तरी कसला?

तिने स्टीलच्या ट्रेवर बोटांनी वाजवून दाखवला. तीन भरभर. थांबून एक.

कुंदाने चहा खाली ठेवला आणि तोच ठोका खाटेच्या दांडीवर वाजवून पाहिला.

मी नंतर तो मजला पालथा घातला. बांधकाम नाही, सैल पत्रा नाही. कामठा हे नाव सिस्टरने जन्मात ऐकलेलं नव्हतं. दुर्गाचा पाय वाचला. जरा लंगडत ती आज तिरोड्याच्या शाळेत शिकवते, हातावर नाण्याएवढा डाग आहे. त्या आवाजाचं स्पष्टीकरण मात्र माझ्याकडे आजही नाही. त्याहून मोठं कोडं म्हणजे मी खाटेपासून हातभर अंतरावर होतो. एकदा न राहवून कुंदाला विचारलं, "मले काऊन नाही आला आयकू?"

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "डबा काही डुकरायसाठीच नसते भाऊ. जो जागा हाय त्यानं धावून यावं म्हून असते. तू पेपर वाचून राहिला होता."