सामानापाशी बसणारा विश्वजीत

सहल ठरवायचं काम विश्वजीत तापकीरला दिलं, की ती ठरते. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण पुण्यात सहली ठरत नाहीत, त्यांच्यावर नुसती चर्चा होते. आम्ही नऊ जण एकाच सरकारी कचेरीतले, आता सगळे निवृत्त. दर हिवाळ्यात एका शनिवारी पवना धरणावर जायचं, पाण्यात कयाक नावाच्या चिंचोळ्या बोटी वल्हवायच्या आणि काठावर तंबूत मुक्काम करायचा. त्याची बैठक आमच्या सदाशिव पेठेतल्या घरी. विश्वजीत विश्रांतवाडीहून स्कूटरवर येणार, पोहे संपेपर्यंत आम्हाला भांडू देणार आणि मग एका वाक्यात तारीख सांगून मोकळा होणार.

पहिली सहल मला आजही लख्ख आठवते. आमच्यातली शर्मिला बोटीत पाय ठेवायला तयार नव्हती. विश्वजीत पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरला, बोट धरून उभा राहिला आणि म्हणाला, "बसा मॅडम, म्या धरलीय." तीच शर्मिला आता आम्हाला वल्हं कसं धरावं ते शिकवते, न विचारता.

बोट दोघांची. आम्ही चार घ्यायचो. आठ जण पाण्यात, एक काठावर.

"तुम्ही जावा, मी हाय सामानापाशी," विश्वजीत म्हणायचा.

सामान एकटं सोडायचं नाही, हे आपल्या अंगात इतकं मुरलंय की एसटी स्टँड असो नाहीतर लग्नाचं कार्यालय, एकाला पिशव्यांजवळ बसवल्याशिवाय बाकीच्यांचा पाय निघत नाही. आमच्यात तो एक कोण, हे न बोलताच ठरून गेलं. आम्ही दमून परत यावं तर चुलीवर पिठलं रटरटत असायचं, सोबत गरम भाकरी आणि हाताने फोडलेला कांदा. काय दिवस होते ते! तसं पिठलं मी दुसरीकडे कुठेही खाल्लं नाही. विश्वजीत पाण्याला भितो, असा आमचा सोयीस्कर समज होता.

यंदाच्या बैठकीत त्याने तारीख सांगितली, पोह्यांची बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "पुढच्या महिन्यात मी आणि मैना पोराकडं बंगळुरूला चाललो. कायमचं. ह्या टायमाला मला बोटीत बसायचंय."

तो जाणार, याचं वाईट वाटायच्या आधी आमच्यातल्याच अक्षताच्या तोंडून निघालं, "मग सामानापाशी कोण?"

"पण विश्वजीत, तुला पाण्याची भीती ना?" मी विचारलं.

"मला? अरे अनिरुद्ध, चऱ्होलीत इंद्रायणीच्या डोहात पोहून वाढलोय मी. कुणी इचारलंच न्हाई."

शर्मिला ताडकन म्हणाली, "सामान गाडीत कोंबा आणि कुलूप लावा. तुमच्या त्या चादरी न्यायला कोण येतंय धरणावर? आणि पाचवी बोट घ्या. मी एकटी बसते. वल्हवताना पुढेमागे कोणी बोलत नसेल तर सोनं."

इतकी साधी गोष्ट! नऊ शिकलेली डोकी, आणि इतक्या वर्षांत एकालाही सुचली नव्हती.

शनिवारी दुपारी विश्वजीत माझ्या बोटीत पुढे बसला. वल्हं त्याच्या हातात असं चालत होतं की मी मागे नुसता बसून राहिलो असतो तरी चाललं असतं. पाण्याच्या मध्यावर आल्यावर तो थांबला आणि वळून काठाकडे पाहू लागला. मग हळूच म्हणाला, "इथनं मी दिसायचो का रे?"

"तू नाही दिसायचास," मी म्हणालो. "धूर दिसायचा. तो बघितला की कळायचं, विश्वजीतचं जेवण होत आलं, आता वळायचं. नाहीतर सगळा काठ सारखाच. आम्ही त्या धुरावरच परत यायचो."

काठावर आज कुलूप लावलेली गाडी होती आणि रिकामे तंबू. तो बराच वेळ तिकडे बघत राहिला. मग पुढे वळला.

"चल, अजून लांब जाऊ," तो म्हणाला. "आज तिथं कुणी वाट बघत न्हाई."