झालंच समजा!

ऑफिसातले किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. चहाला बसलं की एक निघतो आणि त्याच्यामागून चार येतात. आमचं ऑफिस मेहकरचं, गावोगावच्या पाण्याच्या टाक्या अन् मोटारी सांभाळणाऱ्या ठेकेदाराचं. तिथले किस्से सांगताना आम्ही हसतो खूप, पण शेवटचा आला की सगळे कपात पाहतात.

*

आमचे सुपरवायझर दिलीपभाऊ. मनानं सोनं! कोणालाच नाही म्हणवत नाही. कुठूनही तक्रार येवो, भाऊंचं उत्तर ठरलेलं, "झालंच समजा!"

एकदा फोन आला, नळ गळतो म्हणून. भाऊ म्हणाले, "काळजी करू नका वहिनी, झालंच समजा!"

तिकडून आवाज आला, "वहिनी नाही, मी बोलून राह्यली, घरून! सांगून महिना झाला!"

*

मग ठेकेदारसाहेबांच्या सूनबाई पुण्याची नोकरी सोडून आल्या आणि ऑफिस बघू लागल्या. पहिल्याच सोमवारी मीटिंग!

"हा पाईप कोण बदलणार?"

"आपण सगळे," आम्ही एका सुरात म्हणालो.

"आपण सगळे म्हणजे कोणीच नाही!"

भिंतीवर फळा लागला. काम, माणसाचं नाव, वार. मेकॅनिक मोहन मला हळूच म्हणाला, "नाव लिवलं तं कराच लागते ना ताई! हे काही बरं नाही."

*

पुढच्या सोमवारी बीबी गावाच्या बंद मोटारीचा विषय निघाला. मॅडमनी ऑपरेटर गवईकाकांना विचारलं, "गुरुवारपर्यंत होईल?"

"नाही होत मॅडम. शनवारी होईन."

"काऊन नाही होत? मी बुधवारी करतो!" दिलीपभाऊ म्हणाले. आम्ही टाळ्या वाजवल्या. गवईकाकांना कामचुकार म्हणणाऱ्यांत मीही होते.

मोटार शनिवारी सुरू झाली. केली गवईकाकांनीच. टाळ्या मात्र सोमवारीच वाजून गेल्या होत्या.

*

काकांनी स्वतःसाठी एकच गोष्ट मागितली. डोणगावच्या पुढं त्यांची टाकी होती. तिच्या लोखंडी शिडीची एक पायरी वेल्डिंग सुटून नुसती टेकलेली होती. खालून बघितलं तर अगदी धड दिसायची. काका रोज ती टाळून वर चढायचे. पुतणीच्या लग्नाला निघताना म्हणाले, "भाऊ, तेवढी पायरी करून घ्या."

"तुमी परत येईपर्यंत झालंच समजा!"

फळ्यावर भाऊंचं नाव लागलं, वार लागला. त्या आठवड्यात मॅडम पुण्याला गेल्या होत्या. आम्ही रोज त्याच फळ्याखाली बसून चहा प्यायलो. कोणी मान वर करून पाहिलं नाही, याचं फार वाईट वाटतं.

काका लग्नाहून आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीवर चढले.

आम्ही दवाखान्यात गेलो तेव्हा त्यांचा पाय प्लास्टरमध्ये होता. दिलीपभाऊ दाराशीच थांबले. मग पिशवीतली फळं खाली ठेवून रडवेल्या आवाजात म्हणाले, "काका, काहीबी लागलं तं सांगा. झालंच समजा!"

काकांनी त्यांचा हात हातात घेतला.

"समजलो होतो ना भाऊ," काका म्हणाले, "म्हनून तं पाय ठेवला."