हिरव्या कागदावरचं ॲग्रीमेंट

"मॅडम, यान गट नंबर कुठं लिवलाय?"

माझ्या वेटिंग रूममध्ये तीन खुर्च्या आहेत आणि त्या दिवशी तिथे सात माणसं होती. विचारणारे गृहस्थ मधल्या खुर्चीत बसले होते. पांढरा शर्ट, गळ्यात जाड चेन आणि हातात माझंच ॲग्रीमेंट. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, मग उजेडाकडे धरून पाहिलं.

"गट नंबर नाहीये," मी म्हटलं.

"मंग जमीन कनची?"

"जमीनच नाहीये."

ते मागे उभ्या असलेल्या माणसांकडे वळले. "बगा. जमीन पन लपवलीय."

मी काउन्सेलर आहे. लोक येऊन बोलतात, मी ऐकते, आणि मध्येच असा एखादा प्रश्न विचारते की ते घरी जाऊन माझ्यावर चिडतात. मग हळूहळू बरं वाटायला लागतं. राहायला मी बदलापूरला, बेलवलीत. क्लिनिक अंबरनाथ पूर्वेला, एका बाजूला झेरॉक्सवाला आणि दुसऱ्या बाजूला प्रॉपर्टी एजंट. या एजंटाच्या शेजारामुळेही त्या दिवशी माझी बाजू लंगडी पडली.

काही वर्षं मी एका सरकारी आरोग्य योजनेच्या पॅनलवर होते. पॅनल म्हणजे योजनेने मान्य केलेल्या डॉक्टर-थेरपिस्टची यादी. पेशंट कार्ड दाखवतो, खिशात हात घालत नाही, आणि बिल आपण योजनेला पाठवायचं. बिलं अडकायची, ते मी सोसलंही असतं. पण तिथल्या साहेब लोकांना बिलासोबत पेशंट काय बोलला तेही हवं असायचं. "नक्की कशामुळे रडले?" असा शेरा मारून एक बिल परत आलं, तेव्हा माझं डोकं फिरलं आणि मी पॅनल सोडलं. याला ऑप्ट-आउट म्हणतात.

पॅनल सोडणं सोपं असतं. कार्डवाले जुने पेशंट "आम्हाला तुम्हीच पाहिजेत" म्हणतात, तिथे गाडी अडते. त्यांच्याशी मग प्रायव्हेट ॲग्रीमेंट करायचं. मॅडम आता योजनेत नाहीत हे मला माहीत आहे, फी मी स्वतः देईन, योजनेकडे ना मी क्लेम करणार ना मॅडम, आणि पॅनलवर दुसरे लोक आहेत, त्यांच्याकडे मी कार्डावर जाऊ शकतो हेही मला सांगितलेलं आहे. बस. चार ओळींचं काम.

त्या चार ओळींसाठी मी उल्हासनगरच्या मोटवानी वकिलांकडे गेले. माझं माहेर तिथल्याच कॅम्प पाचचं, मोटवानीसाहेब आमच्या घराला जुने ओळखीचे. त्यांची सगळी वकिली जमिनी आणि बिल्डिंगींची. चार ओळींची तीन पानं झाली, तीही हिरव्या लेजर पेपरवर. वर "लिहून घेणार" म्हणून माझं नाव, खाली "लिहून देणार" म्हणून पेशंटची रिकामी जागा. मधल्या पानावर "उपरोक्त सर्व हक्क, अधिकार व हितसंबंध स्वखुशीने सोडून देत आहे." शेवटी दोन साक्षीदार.

"साहेब, हिरवा कागद कशाला?"

"मॅडम, सफेद कागज को कोई सीरियसली लेता नहीं. हिरवा देखा के आदमी सीधा बैठता है."

माझ्याकडे येणारा माणूस जरा सैल बसावा म्हणून मी दिवसभर मरमर करते, हे त्यांना कोण सांगणार? फुकटात करून दिलं होतं. मी थँक यू म्हणून घेऊन आले.

पहिली सही एका रिटायर्ड शिक्षिकाबाईंनी केली. तिन्ही पानांवर, न वाचता, झोकात. पेन बंद करून मला विचारलं, "म्हणजे आता कॅशलेस चालू झालं ना?" त्या दिवसापासून मी नियम केला, कागद घरी न्यायचा, नीट वाचायचा, मग सही. नियम चांगलाच होता. त्यानेच ही सात माणसं माझ्या दारात आणली.

त्यांच्या घरातले थोरले म्हणजे बाळारामकाका, माझे जुने कार्डवाले पेशंट. नाव मी बदललंय. गाव बदलता येत नाही, कारण अंबरनाथजवळच्या पालेगावाशिवाय ही गोष्ट घडलीच नसती. काकांना विचारून लिहितेय. सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, मितभाषी, चपला बाहेर काढून आत येणारे. त्यांना पॅनिक अटॅक यायचे. म्हणजे काही कारण दिसत नसताना छाती धडधडते, तळहाताला घाम फुटतो, आता आपण मेलोच असं वाटतं. ईसीजी नॉर्मल, शुगर नॉर्मल. घरी यातलं कोणालाही माहीत नव्हतं. "पेन्शनच्या कामाला अंबरनाथला चाललो" असं सांगून ते माझ्याकडे यायचे. पेन्शनचं काम इतकं कसं लांबतं, असं घरी कोणी विचारलं नाही, कारण सरकारी काम म्हटलं की कोणीच विचारत नाही.

त्यांच्यासमोर हिरवा कागद ठेवला आणि काका पांढरे पडले. घाम, धाप, हात लटपटायला लागले. मी कागद ड्रॉवरमध्ये टाकला, पाणी दिलं, श्वास मोजायला लावला. पंधरा-वीस मिनिटांत माणूस जागेवर आला. मी म्हटलं, चला, आता सही करून टाकू. ड्रॉवर उघडला. पुन्हा तेच.

पुढच्या वेळी पुन्हा तेच. मी मोटवानींना फोन लावला.

"पेशंट घबराया हुआ हो तब साइन बिलकुल मत लेना," ते म्हणाले. "कल बोलेगा जबरदस्ती की."

"पण साहेब, ते कागद बघूनच घाबरतात."

"तो पहले ट्रीटमेंट करके शांत करो."

"सही झाल्याशिवाय ट्रीटमेंट करता येत नाही, असं तुम्हीच दुसऱ्या पानावर लिहिलंय."

तिकडे पानं उलटल्याचा आवाज. "मॅडम, वो फिर आपका डिपार्टमेंट है."

शेवटी मी काकांना म्हटलं, कागद घरी न्या, आपल्या जागेवर निवांत वाचा. काकांनी तो चार घड्या करून स्कूटरच्या डिकीत ठेवला. डिकीतून तो त्यांचा धाकटा भाऊ दामूशेठ यांच्या हाती लागला. मधल्या खुर्चीत बसलेले ते हेच.

आता पालेगावच्या घरात हिरवा कागद म्हणजे काय, हे मला कळायला हवं होतं. जिथे भात व्हायचा तिथे आता टॉवर उभे आहेत. प्रत्येक घरात असा एक तरी कागद आहे जो कोणीतरी न वाचता दिला आणि पुढे तीन पिढ्या भांडल्या. या भावांचा जमिनीचा शेवटचा तुकडा उरला होता, बिल्डर मागे लागला होता, आणि पहिली सही थोरल्याची हवी होती. थोरला मात्र दर वेळी काहीतरी निमित्त काढत होता. कधी खांदा दुखतो, कधी अमावस्या. आणि अशात त्याच्या डिकीत "सर्व हक्क सोडून देत आहे" असा कागद, लिहून घेणार कोणीतरी बाई!

"आमचा दादा इथं येतो का नाय?" दामूशेठनी विचारलं.

आमच्या धंद्यात पेशंटचं नाव घरच्यांनाही सांगायचं नसतं. येतो की नाही, तेसुद्धा नाही.

"इथे कोण येतं ते मी सांगू शकत नाही."

"का नाय?"

"नियम आहे."

"पार्टीनं मना केलंय?"

"कोणतीच पार्टी नाहीये."

"मंग यान 'लिहून घेणार' कोन?"

"मी."

त्यांचा पुतण्या निलेश मोबाईल वर धरून उभाच होता. "काका, कबूल केलं! एकदम क्लिअर रेकॉर्ड झालं. मॅडम, एक बार फिरसे बोलो ना, इधर कॅमेऱ्यात."

"बाजूचा एजंट तुमचाच ना?" मागून कोणीतरी विचारलं.

"नाही."

"सगले असंच बोलतान."

मी जितकं खरं बोलत होते तितकी जास्त चोर ठरत होते. पण काळजी मला स्वतःची नव्हती. घड्याळात काकांच्या अपॉइंटमेंटची वेळ झाली होती. ज्या घरापासून त्यांनी ही गोष्ट लपवली ते अख्खं घर माझ्या दारात बसलं होतं. मी फोन करून त्यांना थांबवणार, तेवढ्यात काकांनी बाहेर चपला काढल्या.

ते दारात उभे राहिले. सात माणसं त्यांच्याकडे बघत होती. भावाच्या हातात हिरवा कागद.

"दादा," दामूशेठ उठून म्हणाले, "किती घेतलंस हिच्याकडून?"

"मीच देनार हाय तिला," काका म्हणाले.

"तू देतंस? जमीन पन देतंस आन पैसं पन देतंस?"

काकांच्या कपाळावर घाम आला होता. मला वाटलं आता अटॅक येणार. त्यांनी भिंतीला हात टेकला, मी शिकवला होता तसा एक लांब श्वास सोडला, आणि बोलले.

"दामू, मना भीती वाटते. छाती धरधरते. वाटतं मरतंय आता. या मॅडम त्याचं औषद करतान. बोलून. जमिनीचं काय नाय त्यान."

निलेशने मोबाईल खाली घेतला.

"कदीपासून?" दामूशेठनी विचारलं.

"लय दिस झालं."

"आमाला सांगायचं नाय का?"

"तुमी हसलं असतं."

दामूशेठ हसले नाहीत. ते खाली बसले, चेन शर्टाच्या आत टाकली आणि निलेशला म्हणाले, "जा, चा सांग. मॅडमला बी." मला वाटलं संपलं. पण हिरवा कागद हातात आला की पालेगावचा माणूस व्यवहार पुरा केल्याशिवाय उठत नाही. चहा येईपर्यंत त्यांनी तिन्ही पानं मला मोठ्याने वाचायला लावली.

"म्हंजी दादा सरकारकडं पैसं मागायचा हक्क सोरतो."

"हो. माझ्या फीपुरता."

"आन तुमी काय सोरता?"

"मीपण योजनेकडे बिल लावणार नाही."

"ते कुठं लिवलंय?"

लिहिलं होतं, तिसऱ्या पानावर, अशा भाषेत की मलाही दोनदा वाचावं लागलं. "आन दादाला बंद करायचं असंल तर?" ते कुठेच नव्हतं. माझ्या वकिलाला जे सुचलं नाही ते या माणसाने चहाच्या कपात बिस्कीट बुडवता बुडवता काढलं. मला त्यांचा राग आला होता तो तिथेच गेला.

मी हिरवी पानं बाजूला ठेवली. प्रिंटरमधला कोरा पांढरा कागद घेतला आणि साध्या मराठीत, बोलतो तसं, सगळं लिहिलं. वाटेल तेव्हा थांबवता येईल, ही ओळ दामूशेठच्या सांगण्यावरून. मग सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि काकांना आत घेतलं.

"धडधडतंय का?"

"थोरंसं." त्यांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. "मॅडम, मी नाय केली सही तर?"

"तर पॅनलवरच्या दुसऱ्या थेरपिस्टचं नाव देते. कार्डावर होईल. चांगले आहेत."

"तुमाला राग नाय येनार?"

"नाही."

"म्हंजी नाय बोललं तरी चालतं?"

"चालतं."

ते माझ्याकडे बघत राहिले, मी काहीतरी नवीनच सांगितल्यासारखं. तळहात लेंग्याला पुसला. मग पेन घेतलं आणि सही केली. अक्षर जरासं तिरकं गेलं, बाकी काही नाही.

त्यानंतर काका नेमाने आले. अटॅक कमी झाले. घरातून आता निलेश सोडायला यायचा आणि बाहेर बसून मोबाईल बघायचा. मी स्वतःवर बऱ्यापैकी खूश होते.

मग एका दुपारी दामूशेठ एकटेच आले. मधल्या खुर्चीत बसले.

"मॅडम, तुमी दादाला बरा केलाव का बिगरवलाव?"

आदल्या दिवशी रजिस्ट्रार ऑफिसात बिल्डरसोबत सगळ्यांच्या सह्या ठरल्या होत्या. नवे शर्ट, पेढे, फोटोग्राफर. थोरल्याला पुढे बसवलं. काकांनी चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं वाचलं. मग पाणी मागितलं. घरचे घाबरले, आता याला पुन्हा होतंय. काका पाणी प्यायले, पेन टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "मी नाय करत सही."

"बिल्डर बोलला, तब्येत बरी नाय का काका? तर बोलतो, तब्येत एकदम फर्स्ट क्लास हाय." दामूशेठनी कपाळावर हात मारून घेतला. "हात बी हलत नवता त्याचा, मॅडम!"

काका पुढच्या वेळी आले तेव्हा मी विचारलं, असं कसं झालं?

"मना ती जमीन द्यायचीच नवती," ते म्हणाले. "येवरी वर्षं मना वाटायचं, मी घाबरतंय."

मी वही उघडली आणि ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं.

सहीची भीती घालवता येते. भीती गेल्यावर माणूस सही करेलच, याची गॅरंटी कोणी देऊ नये. दामूशेठना हे अजून पटलेलं नाही. ते म्हणतात, माझ्या कागदावर ही 'गॅरंटी नाही'ची ओळ आधीच असायला हवी होती.